सांदण मूळची कुणाची

कडावचा श्रीपत धार काढायला बसण्याआधी म्हशीच्याही डोळ्यांत रोखून बघतो, असं आळी म्हणते. डेअरीचं माप, गुरांचा डॉक्टर, सुनेचा मोबाइल, सगळ्यांत काहीतरी काळंबेरं आहे हे तो धरूनच चालतो. त्यामुळे कर्जतला गावकऱ्यांचं रेडिओ केंद्र निघालं आणि त्याची बायको चंद्रभागा शेजारच्या झोहराबरोबर तिथं ‘दोन चुली’ हा कार्यक्रम करू लागली, तेव्हा आळीनं रेडिओ कौतुकानं लावला. श्रीपतनं लावला तो पाळत ठेवायला.

धास्ती एकाच गोष्टीची. त्याच्या घरात आणि झोहराच्या नवऱ्याच्या, मकसूदच्या घरात हातभर रुंदीची बोळकांडी आहे. आळी तिला सांदण म्हणते. ती आपलीच, हे श्रीपत तिथं गोवऱ्या रचून सांगत आला. मकसूद भांडत नाही, नुसता हसतो. न भांडणारा माणूस श्रीपतला जास्तच खोल पाण्यातला वाटतो.

त्या दुपारी गोठ्यात रेडिओ चालू होता. चंद्रभागाचा आवाज आला, "खरं सांगायचं तर सांदण मूळची झोहराच्याच घरची. आमच्याकडं ती नव्हतीच."

पुढचं ऐकायला श्रीपत थांबला नाही. घर फुटलं, तेही अख्ख्या तालुक्याच्या कानावर घालून.

संध्याकाळी दोघी रिक्षातून उतरल्या, तर सांदणीच्या तोंडाला बांबूचं कुंपण, आणि कुंपणापुढं खुर्ची टाकून श्रीपत.

"जागा देऊन मोकळी झालीस गं?"

"कंची जागा?"

"सांदण. तूच बोललीस, मूळची त्यांची."

दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. झोहरानं पिशवीतला डबा काढून उघडला. आत नारळाच्या दुधातल्या, वाफवून फुगलेल्या, तांदळाच्या पांढऱ्या जाळीदार चकत्या. तिनं एक उचलून दाखवली.

"श्रीपतभाऊ, आमी हिला सांदण म्हणतो. रेडिओवर तीच शिकवली."

"दर ईदेला डबा येतो," चंद्रभागा म्हणाली. "तुमी कदी झाकण उघडलंत?"

उघडलं नव्हतं. आत काय असेल, याचा संशय. त्यानं आधी वास घेतला, मग एकीची कड कुरतडली, मग तीन खाल्ल्या. इतकी वर्षं हे आपल्यापासून लपवलं कुणी, हा नवा संशय मात्र डोक्यात शिरला तो शिरलाच.

सकाळी कुंपण तसंच होतं, फक्त एक बांबू कमी. वारा यायला काढला, असं श्रीपत सांगतो. फट बरोबर डबा जाईल एवढी आहे.