नाण्यावरची माती

बाबा अमेरिकेत वेस्ट विंडसरला आमच्याकडे कायमचे राहायला आले, तेव्हा त्यांच्या सामानात चिंधीत गुंडाळलेलं एक नाणं होतं. त्याची हकिगत मला आईकडून माहीत होती. तरुणपणी मालकाच्या शेतात नांगरताना बाबांना मूठभर चांदीची नाणी सापडली. मालकाने ती काढून घेतली आणि वर गावभर सांगितलं, की ही आमच्या घरच्या पेटीतली, यानेच चोरली. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. बाबांना भर चावडीवर उभं केलं. पुढे गाव सुटलं, चोर हे नाव काही सुटलं नाही. कनवटीला लावलेलं हे एक नाणं तेवढं राहिलं.

"कुणा जाणकाराला दाखव," बाबा म्हणाले. "मातीतलं की पेटीतलं, एवढंच विचार."

एका मैत्रिणीच्या ओळखीचे एक काका होते, रिटायर्ड इंजिनिअर, जुनी नाणी ओळखायचा नाद असलेले. शनिवारी जायचं ठरलं. सकाळी चिंधी सोडली, तर नाण्यावर काळाहिरवा, मातकट थर. असलं घाणेरडं घेऊन परक्यांच्या घरी जायचं? लहानपणी आमचे शाळेचे कपडे बाबा स्वतः इस्त्री करायचे. "त्यांचे मळले तर नुसते मळले. आपले मळले की जात दिसते," म्हणायचे. मी त्यांचीच मुलगी, त्यात केमिस्ट. फॉइल, बेकिंग सोडा, गरम पाणी, वर जुना टूथब्रश. दहा मिनिटांत चांदी लखलखली आणि मी स्वतःवरच खूश झाले.

काकांनी भिंग लावलं. "अगं, हा तर गधैया पैसा! हजारेक वर्षांपूर्वीचा, हातोड्याने ठोकलेला. हा बघ राजाचा चेहरा. शतकानुशतकं कॉपी करून करून नुसत्या रेघा आणि टिंबं उरलीत. मागे अग्निकुंड. मिळाला कुठे?"

"शेतात."

"तुमची शेती कुठे?"

"आमची नाही. बाबा तिथे मजूर होते."

"अच्छा," म्हणाले आणि पुन्हा भिंगात बघू लागले. तो अच्छा मी चांगला ओळखते. विमानात बसून तो माझ्या आधीच इथे पोचलाय.

मी बाबांचा प्रश्न विचारला.

"आता कसं सांगणार? जमिनीत पडलेल्या नाण्यावर थर धरतो, माती घट्ट बसते. पेटीतल्यावर तसं होत नाही. थर असता तर मी पैजेवर सांगितलं असतं. पण हे कुणीतरी पार क्लीन केलंय."

"मीच केलं," मी म्हणाले.

परतताना गाडीत मला स्वतःची चीड आली. मालक खोटं बोलला हे दाखवणारी एकच गोष्ट जगात उरली होती, आणि ती मी किचनच्या सिंकमध्ये वाहून टाकली होती.

बाबा दारातच उभे होते. खोटं बोलावंसं फार वाटलं, पण जमलं नाही. सगळं ऐकून त्यांनी नाणं हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

"तुझ्या आईलासुद्धा कधी घासू दिलं नव्हतं मी," ते म्हणाले.