उत्तर वहिनी, दक्षिण दादा

मला एकच कला येते, लोकांचे आवाज काढायची. बार्शीच्या शाळेत मी हेडसरांच्या आवाजात अख्ख्या वर्गाला सुट्टी दिली होती. मार खाल्ला, पण नंतर. सुट्टी आधी मिळाली. इथे जपानमध्ये, हिगाशी-कसाईत, दादा-वहिनीकडे राहून पीएचडी करतो. स्टेशनवरच्या अनाउन्समेंटपासून लॅबमधल्या सेन्सेईंपर्यंत, म्हणजे आमच्या सरांपर्यंत, सगळे येतात मला. घरातले दोघं तर झोपेतसुद्धा.

दादाला पक्कं जमणारं जपानी म्हणजे एकच शब्द. दारात बूट काढताना म्हणायचा, "तादाइमा!" म्हणजे आलो बरं का घरी. आतून कुणीतरी म्हणायचं, "ओकाएरी." म्हणजे आलास, ये. भांडण झालेलं असलं तरी हे चुकायचं नाही.

आणि भांडण रोजच होतं. दादाला पुण्याला परत जायचं होतं. वहिनी त्याच्यामागून इथे आली, चार वर्षं जपानी घोकली आणि आत्ता कुठे तिला नोकरी लागली होती. ती म्हणायची, "आत्ता नाही." तो म्हणायचा, "मग कधी?" की माझी दहा वर्षांची पुतणी मध्येच जपानीत काहीतरी बोलायला लागायची.

एका शनिवारी तिला तिच्या अमेरिकन पद्धतीच्या शाळेचा प्रोजेक्ट होता, यादवी युद्धाआधीची अमेरिका. नकाशा रंगवून वर्गात सांगायचं.

"काका, सो बोरिंग. तू सांग ना."

म्हटलं, नाटकच करतो. उत्तरेला दिला वहिनीचा आवाज. "आमच्याकडे कारखाने आहेत, रेल्वे आहे. बाहेरच्या मालावर टॅक्स लावा, म्हणजे आमचा खपेल. आणि कामं ज्याची त्याने करायची, कळलं?" पोळ्या लाटता लाटता वहिनी ओरडली, "मी अशी बोलते?" पुतणी लोळून हसली.

मग दक्षिण. घसा खाकरून दादाचा आवाज लावला. "हे बघ, आपल्याकडे कसं, जमीन आहे, कापूस आहे. तो विकायचा इंग्लंडला, तिकडून स्वस्त माल आणायचा. तुमचा टॅक्स आम्ही का भरायचा?"

"पण कापूस वेचतं कोण?" पुतणीने विचारलं.

"आपण नाही वेचत. माणसं विकत घेतलीयेत की! ए, चहा आण गं!"

वहिनी इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्या घरात ती कितीतरी दिवसांनी हसत होती, म्हणून मी अजून चढलो. पुन्हा एकदा, "चहा आण गं!"

पुतणी हसायची थांबली. ती माझ्या मागे बघत होती. दादा दारात उभा होता, पायात बूट तसेच. आज त्याचं "तादाइमा" ऐकूच आलं नव्हतं.

"मी माणसं विकत घेतो का रे?" त्याने हळूच विचारलं.

मी म्हटलं, "दादा, जोक होता."

तो वाकून बूट काढायला लागला. ज्यांना खरंच विकलं होतं, चाबकाने राबवलं होतं, त्यांचा मी चहाचा जोक केला होता. तोही भावाला टोचायला. माझ्याकडे एवढे आवाज, पण त्या माणसांचा एकही आवाज मी नाटकात घेतला नव्हता.

तेवढ्यात पुतणीने नकाशावर पश्चिमेकडच्या कोऱ्या भागावर बोट ठेवलं. "काका, हे नवीन स्टेट्स दोघांनाही आपल्या बाजूला पाहिजे होते ना? त्याच्यावरूनच फाइट झाली ना?"

"हो."

"मग हे मी."

भांडणात जपानीत शिरणारी ती हे चक्क मराठीत म्हणाली. पोळी करपल्याचा वास आला, तरी वहिनी जागची हलली नाही.

पुढच्या आठवड्यात दादाने पुण्याच्या बदलीला हो म्हटलं. माझ्या जोकमुळे नाही, असं वहिनी म्हणते. आता तो तिकडे, आम्ही इकडे. पुतणीने कुठे राहायचं ते जूनमध्ये शाळा संपली की ठरेल.

त्या शनिवारपासून मी कुणाचेच आवाज काढत नव्हतो. काल शाळेतून तिला घेऊन आलो, तर ती दारातच थांबली.

"काका, बाबांचा आवाज काढ ना. एकदाच."

मला नाही म्हणता आलं नाही. बूट काढता काढता म्हटलं, "तादाइमा!"

आत वहिनी भांडी घासत होती.

"ओकाएरी," ती सवयीने म्हणाली.

आणि मग आतला नळ बंद झाला.