बट्टी दाढेत चढत नाही

लिलाबाई बागूल यांचा हात पोट ओळखायचा. पिंपळनेरपासून नऊ किलोमीटरवरच्या त्या गावात कुणाचं पोट बिघडलं, की डॉक्टरच्या आधी लिला अक्काचा ओटा, ही चाळीस वर्षांची रीत. माणसाला उताणं झोपवायचं, एरंडेलाचं बोट फिरवायचं, बेंबीच्या आजूबाजूला दाबत दाबत वायगोळा शोधायचा आणि तो खाली उतरवायचा. माणूस ढेकर देत उठायचा. पैसा अक्कानं कधी घेतला नाही. कुणी मूठभर शेंगा आणून दिल्या तर नको म्हणायची नाही, एवढंच.

आता अशा बाईचा गावात रुबाब असणारच. होताच. बँकेतला साहेबसुद्धा तिच्या ओट्यावर शर्ट वर करून पडलेला लोकांनी पाहिलाय. अक्काची जीभ मात्र एरंडेलासारखी गुळगुळीत नव्हती. "खाताना हात नाही थांबला, आता माझे हात दुखवायला आला का?" असं ऐकून घेतल्याशिवाय कुणाचा गोळा उतरत नसे.

पण या रुबाबाच्या तळाशी एक गोष्ट होती आणि ती फक्त अक्कालाच ठाऊक होती. अकरा वर्षांपूर्वी डोंगराकडच्या पाड्यावरून वेस्ता नावाचा माणूस चालत आला होता. छाती भरून आलीय म्हणाला. अंगाला गार घाम. दाढ ठणकते असंही म्हणाला, पण दाढेचं तिनं मनावर घेतलं नाही. अर्धा तास पोट चोळलं. "बरं वाटतंय," म्हणत तो उठला, तिच्या पाया पडला आणि संध्याकाळच्या आत पाड्याच्या विहिरीजवळ कोसळून गेला. कुणी तिला बोल लावला नाही. उलट वेस्ताची बायकोच म्हणाली, अक्कानं खूप केलं. ते वाक्य अक्काला अकरा वर्षं टोचत होतं. कुणी शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं.

तर गेल्या वैशाखातली गोष्ट. भिका, तिच्या चुलत दिराचा मुलगा, साक्रीच्या एसटी डेपोत मेकॅनिक, वय चोपन्न. त्याची मुलगी दीपमाला धुळ्याच्या शाळेत शिक्षिका. तिचं लग्न दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता. आदल्या दिवशी हळद आणि हळदीला वरणबट्टी. खानदेशात राहून ज्यानं हळदीची बट्टी खाल्ली नाही त्याच्याशी काय बोलायचं? उकडून तळलेली खरपूस बट्टी, ती कुस्करून वर घट्ट वरण, त्यावर तुपाची धार आणि बाजूला घोटलेल्या वांग्यांची भाजी. आग्रह तर असा, की पानावर हात आडवा धरला तर बोटांच्या फटीतून तूप ओततील. भिकानं सात बट्ट्या खाल्ल्या. मुलीचा बाप होता, त्याला कोण अडवणार?

तीनच्या सुमाराला तो मांडवाच्या खांबाला टेकला. छातीत काहीतरी अडकलंय म्हणाला. आता आमच्याकडे या दुखण्यावर एकच औषध. बट्टी बसली की चालायचं. भिकाचा थोरला भाऊ पुना नाना, साऱ्या भावकीचा कारभारी, पुढं झाला. आधी लिंबूसोडा पाजला, मग ओवा नि काळं मीठ चारलं आणि भिकाच्या खांद्यावर हात टाकून मांडवाभोवती फेऱ्या सुरू केल्या. "चाल भाऊ, बठ्ठी बट्टी उतरी जाई." मागून पाहुणे फेऱ्या मोजू लागले. नवव्या फेरीला भिकाची मान खाली गेली, तेव्हा कुणीतरी म्हणालं, अक्काला बोलवा.

अक्का आली ती एरंडेलाची वाटी घेऊनच आली. भिकाला सतरंजीवर पाडला होता.

"अक्का, छातीमा बट्टी बसनी. जरा हात फिराई दे."

"कोठे दुखस?"

"दुखत नही. दाबस. छातीवर वज्जं ठेयेल मायक वाटस."

तिनं हात ठेवला. पोट मऊ होतं. दाबलं, भिका कण्हला नाही. आणखी दाबलं, तरी नाही. सात बट्ट्या पोटात असलेल्या माणसाचं पोट असं गप्प राहत नाही, हे तिला चाळीस वर्षांनी शिकवलं होतं. मग तिचा हात त्याच्या कपाळावर गेला. बाहेर वैशाखाचं ऊन आणि कपाळ माठासारखं गार, घामानं चिंब.

"ढेकर उना का?"

"दोन उनात. फरक नही." भिकानं डावा दंड चोळला. मग जबडा. "आनि हाई दाढ काय दुखी ऱ्हायनी, समजत नही."

अक्काच्या हातातली वाटी कलंडली. ती घाबरली, आणि हे ती आजही लपवत नाही. समोर भिका होता आणि वेस्ताही होता. क्षणभर वाटलं, चोळून टाकावं. सगळे तेच तर मागत होते. चोळलं असतं तर कुणीही, कधीही तिला काही म्हणालं नसतं.

"मी हात लावनार नही," ती म्हणाली. "हाई बट्टी नही. बट्टी पोटमा ऱ्हास, दाढमा चढत नही. दवाखानामा न्या. आते न्या."

सारा मांडव एकदम बोलायला लागला. पुना नानाचं डोकं सणकलं. "अक्का, येडी व्हयनी का? उद्या लगीन शे. मांडवमाईन नवरीना बापले दवाखानामा धाडतस का? लोक काय म्हनतीन? सात बट्ट्या खाद्यात त्यानी, गॅस शे गॅस."

"गॅस निघना ते बठ्ठा गाव मले हसो," अक्का म्हणाली. "पुन्हा कोनाच्या पोटले हात लावनार नही. पन तो आते एक पाऊल चालनार नही."

बायका कुजबुजल्या, म्हातारीला चळ लागला. कुणी म्हणालं, हात थकला म्हणून बहाणा करते. अक्कानं सारं ऐकलं. चाळीस वर्षांचं नाव तिनं त्या सतरंजीवर टाकलं होतं आणि लोक ते तुडवत होते. तिला रडू येत होतं, पण उठायला ती तयार नव्हती. भिकाचं मनगट तिनं सोडलं नाही.

तेवढ्यात हळदीनं माखलेली दीपमाला गर्दीतून पुढं आली. तिनं बापाच्या चेहऱ्याकडं पाहिलं, अक्काकडं पाहिलं आणि मास्तरीण वर्गात बोलते त्या आवाजात म्हणाली, "नानाबाबा, लग्न माझं आहे ना? मग मी सांगते. खुर्ची आणा. बाबा चालणार नाहीत."

मांडवातल्या लाल प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी भिकाला उचललं आणि नवरीसाठी सजवलेल्या बोलेरोत ठेवलं. झेंडूच्या माळा तशाच होत्या. अक्का मागच्या सीटवर त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. वाटेत भिकानं विचारलं, "अक्का, मी मरसू का?"

"मरनारा मानूस इतला बोलत नही. चूप ऱ्हाय."

पिंपळनेरच्या दवाखान्यात डॉक्टर रोशनी वळवी ड्युटीवर होत्या. त्यांनी छातीला तारा लावून कागदाची पट्टी काढली, ती पाहिली आणि मग कुणाशी बोलायला थांबल्याच नाहीत. जिभेखाली गोळी, चावायला गोळी, शिरेत सुई, गाठ विरघळवायचं इंजेक्शन, धुळ्याला फोन. अ‍ॅम्ब्युलन्स निघताना त्यांनी पुना नानाला पट्टी दाखवली. "हार्ट अ‍ॅटॅक आहे. मोठा. आणखी फेऱ्या मारल्या असत्या तर इथपर्यंत पोचले नसते." नाना भिंतीला टेकला आणि लहान पोरासारखा रडला.

मग डॉक्टरबाई अक्काकडं वळल्या. "आजी, तुम्हाला कसं कळलं?"

अक्कानं हात पुढं केला. डॉक्टरबाईंनी तो धरला, पण नुसती स्तुती करून सोडला नाही. म्हणाल्या, "आजी, या हातानं आज माणूस वाचवला. पण खरं सांगू? हातानं मलाही कळत नाही. कुणाचं पोटसुद्धा दुखतं, कुणाला नुसती मळमळ होते, बायकांना कधी पाठ धरते नि थकवा येतो, तेवढंच. साखरेचा आजार असलेल्या माणसाला तर कधी काहीच कळत नाही. म्हणून शंका आली की पट्टी. गॅस निघाला तर निघाला."

अक्काला हे लागायला हवं होतं. लागलं नाही. उलट अकरा वर्षांत पहिल्यांदा छाती मोकळी झाली. तिनं डॉक्टरबाईंना तिथंच वेस्ताची गोष्ट सांगितली, आणि रडली, अगदी मनसोक्त.

धुळ्यात भिकाच्या रक्तवाहिनीत स्प्रिंग बसली. लग्नाच्या दिवशी बारा वाजता नवरदेव तेजस वरातीच्या गाडीतूनच आला, पण हातात डबा घेऊन, दवाखान्यात. लग्न पुढं ढकललं, आणि सोळाव्या दिवशी त्याच मांडवाच्या जागी बौद्ध पद्धतीनं ते लागलं, तेव्हा पांढऱ्या साडीतल्या नवरीशेजारी, दीपमालाशेजारी, तोच भिका त्रिसरण-पंचशील म्हणत उभा होता. आवाज बारीक होता, पण एकही शब्द गाळला नाही. लोकांनी अक्काला पहिल्या रांगेत बसवलं. मागं बसते म्हणाली तर खुर्चीसकट उचलून पुढं आणली.

तेव्हापासून अक्काच्या ओट्याची रीत बदललीय. आधी चौकशी: छाती दाबते का, घाम गार आहे का, दंड, जबडा, पाठ, चढताना दम लागतो का. जरा शंका आली, की वाटी झाकायची आणि पिंपळनेरची वाट दाखवायची. लोक कुरकुरतात, पण जातात.

परवा पुना नाना आला. छातीत जळजळ, काल रात्री पाहुण्यांकडं बट्टी झाली म्हणाला. अक्कानं तोंड उघडायच्या आत खिशातून घडी केलेला कागद काढून त्यानं तिच्यासमोर धरला. सकाळी सहाच्या गाडीनं एकटाच जाऊन पट्टी काढून आला होता.

"डॉक्टरबाई म्हने गॅस शे," नाना म्हणाला. जरा ओशाळला होता. "फुकट हेलपाटा व्हयना."

अक्कानं कागद उलटासुलटा पाहिला. वाचता येत नव्हतं, तरी नीट पाहिला. त्या रेघा तिला इतक्या सुंदर वाटल्या की डोळे भरले. मग तिनं सतरंजी झटकली आणि एरंडेलाची वाटी पुढं ओढली.

"आते ये, नाना," ती म्हणाली. "आते पोट चोयी देस."