नाव न घेतलेली ओळ

ब्रह्मपुरीतल्या माझ्या खोलीत चैत्रातल्या दुपारी पंखा संथ फिरतो आणि स्क्रीनवरच्या ओळी डोळ्यांपुढे पोहू लागतात. गावांना वाघाची खबर फोनवर देणारं एक ॲप आम्ही दोघं चालवतो, मी आणि आरमोरीकडच्या जंगलालगतच्या गावातली माझी सहकारी. कोडमध्ये काही बदललं की गिटच्या इतिहासात, म्हणजे बदलांच्या नोंदवहीत, त्याची एक ओळ लिहायची. नवी आवृत्ती निघाली की त्या ओळींतून काय काय बदललं याची यादी करून गावोगाव पाठवायची. हे यादीचं काम माझ्या अगदी जिवावर यायचं.

म्हणून मी ते आपोआप करणारी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. ज्या ओळीत 'वाघ' असेल ती यादीत घ्यायची, बाकीच्या आमच्या आम्हाला. यादी क्षणात तयार झाली. स्वतःवर खूश होऊन मी आडवा झालो. खिडकीतून मोहाचा गोडसर वास येत होता, आणि झोपेत मला त्या ओळी फुलांसारख्या झाडाखाली टपटप पडताना दिसल्या. कोणी वेचत नव्हतं.

चौथ्या दिवशी सहकारी आली ती बसलीच नाही. त्या पहाटे तिची आई मोहफुलं वेचायला गेली होती. वाघ वीसेक पावलांवर होता. माकडं ओरडली म्हणून ती मागे फिरली. फोन वाजलाच नव्हता. नव्या आवृत्तीत प्रत्येकाने आपली जागा पुन्हा नोंदवायची होती, आणि यादीत ते नव्हतं.

मी इतिहास उघडला. तिने लिहिलेली ओळ तिथे होती: 'त्याची खबर पाहिजे तर जागा पुन्हा नोंदवा.'

वाघ असं सरळ काऊन नाई लिहिलं, मी उलट तिच्यावरच चिडलो.

"मोहाच्या दिवसात त्याचं नाव घेत नाई आमच्याकडं," ती म्हणाली. "मशीनले नाई कळत. तुमाले तं कळते."

मला कळत होतं. आमच्या घरीही घेत नाहीत. फक्त आळसापायी आठवलं नव्हतं, आणि त्याची मला फार लाज वाटली.

स्क्रिप्ट पुसली. एकेक ओळ वाचून यादी हाताने लिहिली, पाठवली, मग तिच्या आईला फोन लावून माफी मागितली. ती रागावली नाही. जेवला का, म्हणून विचारलं.

"फोन वाजला नाई ना भाऊ," ती म्हणाली, "म्हणून तं मी आज जराशी आत गेली."