काचांचा माठ

मला बघायला मेहकरहून पाहुणे येणार, तर घरात काहीतरी देखणं असावं, ही अक्कल माझीच. चेहऱ्यावर माझा फारसा भरवसा नव्हता. महाराष्ट्र होऊन दोनेक उन्हाळे झाले होते. सिमेंट मिळणं मुश्कील. पण विहिरीचा कठडा बांधून गोणीत थोडं उरलं होतं. ते नव्या माठाला बाहेरून थापलं आणि त्यात फुटक्या तावदानाच्या लाल-निळ्या काचा, आईच्या वाढवलेल्या बांगड्यांचे तुकडे बसवले. गळ्यापासून बुडापर्यंत बोटभर जागा सोडली नाही. जुना माठ शेजारी शोभेना, म्हणून गोठ्यात उलटा टाकला.

पाहुणे भर वैशाखात दुपारच्या एसटीनं आले. मुलगा मान खाली घालून बसला, त्याचे वडील धोतराच्या सोग्यानं घाम पुसत. पाणी मुलीनंच न्यायचं. मी माठात तांब्या बुडवला आणि हात झटकन बाहेर काढला.

"माय, हे तं गरम हाये!"

आईनं माठ चाचपला. "काऊन वो, याचा सारा घाम बंद केला तू! थंड कसं होईन मंग? ने आता तसंच. पाहुणे ताटकयून राह्यले."

नेलं. मुलाच्या वडिलांनी घोट घेतला आणि पेला खाली ठेवला.

"हे पेयाचं हाये का आंघोयीचं?"

"माठ मी सजवला," एवढंच माझ्या तोंडून निघालं.

"सजवला? आणा बरं इकडं."

मेलेच मी. त्यांनी माठ गोल फिरवून पाहिला. एका निळ्या काचेला नख लावून ओढलं. निघाली नाही. मुलगा पहिल्यांदाच हसला. मला की माठाला, कळेना.

"काम पक्कं हाये. पण पोरी, पाण्याच्या माठाले असा शालू नेसवतेत का? जुना कुठं हाये?"

"गोठ्यात. उलटा."

"मंग सुलटा कर अन् भर. आमची गाडी संध्याकायी हाये. थंड पाणी पेल्याबिगर मी काही सांगत नाही."

बाहेर कपाशीच्या गप्पा सुरू झाल्या. आत मी भरलेल्या जुन्या माठापुढं उकिडवी, पदरानं त्याला वारा घालत. सारखा हात लावून बघायची. कोरडाच.

"त्याले काय ताप आला हाये?" आई म्हणाली, पण तीही मधूनच येऊन हात लावून जायची.

उन्हं कलली तेव्हा कुठं माठाच्या पोटावर ओल फुटली.

वडिलांनी पेला एका दमात रिकामा केला. मुलाला म्हणाले, "तू बी पे बे." तो प्यायला. आणि मान वर करून, सरळ माझ्याकडे बघत, दुसरा पेला मागितला.

काचांचा माठ माझ्यासोबत मेहकरला आला. सासऱ्यांनी पहिल्याच दिवशी त्यात तुरीची डाळ भरून टाकली.