भामावहिनीने भाजलेली बुरशी

आमचा दादू म्हणजे एक नंबरचा उतावळा! त्र्याण्णव सालची गोष्ट. लागोपाठ दोन हिवाळे टोमॅटो मर रोग लागून उभेच्या उभे वाळले, तेव्हा तो बायकोला म्हणाला, "यंदा पन मेले, तं जागा वीटभट्टीला देनार." पनवेलला इमारती उठत होत्या, विटा हव्याच होत्या, आणि भट्टीवाला उदयसिंह रोज चहाला येऊन बसायचा. भट्टी आली की वरची माती जाते, मग तिथे काय डोंबल पिकणार? भामावहिनी पार हादरली. मी तिची नणंद, त्याच गावात दिलेली. मला तिचं तोंड बघवेना.

शेतीखात्याच्या रमाताईंनी तिला एक पाकीट दिलं. आत हिरवट भुकटी. ट्रायकोडर्मा नावाची बुरशी, मुळांपाशी राहते आणि मर आणणाऱ्या बुरशीला खाते म्हणे. बुरशी मारायला बुरशी! मी तर हसलेच. वहिनीने मात्र ती शेणखतात मिसळून वाफ्यात पसरली, आणि वर काय केलं? राब भाजला! पालापाचोळा, गोवऱ्या रचून दिलं पेटवून. आमच्याकडे रोप टाकायचं तर वाफा आधी भाजायचा, भाताचा असो की भाजीचा. हाताला वळणच तसं, तिच्या मनातही आलं नाही.

रोपं उगवली आणि बुडाशी काळी पडून आडवी झाली.

रमाताईंनी राख बघून कपाळाला हात लावला. "अहो, ही बुरशी जिवंत असते! तुम्ही तिला भाजून काढलीत."

"जिवंत हाय तं आधी सांगायचं ना!" वहिनी ओरडली आणि ढसाढसा रडली. रमाताई ओशाळल्या. दुसऱ्याच दिवशी त्या नवं पाकीट घेऊन आल्या.

या वेळी आग नाही. खत पडवीत, ओल्या गोणपाटाखाली. रोज पाणी शिंपडायचं, वरखाली करायचं. हळूहळू ढिगावर हिरवी बुरशी चढली. दादू नाक मुरडत फावडं घेऊन आला. "सडलंय सगळं, टाकून देतो."

"हात लावून तं बघा!" वहिनी ढिगापुढे उभी राहिली. नवऱ्यासमोर जिचा कधी आवाज चढला नव्हता ती बाई! दादू गपगुमान मागे फिरला.

ते खत नव्या वाफ्यात गेलं, मग लावणीच्या खड्ड्यांत. काही रोपं तरीही मेली, खोटं कशाला सांगू? पण बाकीची अशी तरारली की फाल्गुनात फांद्यांना काठ्यांचा आधार द्यावा लागला. वहिनी पाट्या भरभरून पनवेलच्या बाजाराला जाऊ लागली.

उदयसिंह करार करायला आला. दादू बांधावर बसलेला. मला वाटलं, हा आता मान डोलावणार. तर त्याने बायकोकडे बोट दाखवलं. "तिला इचारा."

अगं बाई! जमीन दादूच्या नावावर, आणि वहिनीला त्या घरात आजवर साधं काही कुणी विचारलं नव्हतं. ती मातीचे हात पदराला पुसत उभी राहिली. मला तर रडूच फुटलं.

"नाय," ती म्हणाली. "माती देनार नाय."

उदयसिंहने दादूकडे पाहिलं.

"आयकलंत ना?" दादू म्हणाला.