धुतलेली साडी

नाचणगावात सरिताचं घर कुणाला विचारलं तर लोक ‘बाहुलीवाल्या बाईचं घर’ म्हणूनच दाखवतात. पोस्टमनही पार्सलावरचं नाव पुरतं वाचत नाही. पाकीट मऊ लागलं, आत कापड आहे असं हाताला कळलं, की तो सरळ तिच्या फाटकाशी येऊन घंटी वाजवतो.

सरिताने चित्रकला शिक्षिकेचा कोर्स केला होता. चार-पाच वर्षं तिने शाळांचे उंबरे झिजवले, पण जागा काही निघाली नाही. तोवर लग्न झालं. नवरा विवेक सेवाग्रामच्या दवाखान्यात लॅबमध्ये, रोज जवळच्या पुलगावहून गाडीने जाणारा-येणारा. घरात सासू कमलाबाई आणि एक मुलगी, आकांक्षा. आकांक्षासाठी सरिताने चिंध्यांची एक बाहुली केली, ती वर्ध्याच्या एका ओळखीच्या बाईंनी पाहिली. त्यांची आई नुकतीच वारली होती. आईच्या लुगड्यातून आईसारखीच बाहुली करून देशील का, असं त्यांनी विचारलं. सरिताने करून दिली. तिचा फोटो फोनाफोनांतून फिरला आणि सरिताचा धंदा सुरू झाला, तो तिने ठरवण्याच्या आधीच.

आता चार वर्षं झाली होती. लोक गेलेल्या माणसाचा फोटो आणि कपडा पाठवायचे. सरिता त्यातून वीतभर उंचीची बाहुली करायची. अंबाडा, तारेचा चष्मा, पाठीचा बाक, पदर खोचायची तऱ्हा, सगळं त्या माणसाचं. फोटो पाहून बायका म्हणायच्या, किती छान काम आहे तुझं, घरबसल्या. सरिता हसायची. पण ज्या खोलीत ती काम करायची तिथे ती उदबत्तीसुद्धा लावत नसे, ठिणगी उडाली तर म्हणून. उंदरांच्या धास्तीने ती दिवसातून दोनदा कपाट उघडून बघायची. अनोळखी माणसाचा शेवटचा कपडा आपल्या घरात आहे आणि कात्री एकदा चालली की चालली, हे तिच्या मनातून कधी जात नसे. एकदा एका गिऱ्हाइकाने नुसतं लिहिलं होतं, ‘बाबा असे दिसत नव्हते.’ सरिताला दोन दिवस घास गिळवला नव्हता.

मार्चच्या अखेरीला जळगावहून मीरा नावाच्या बाईंचं पार्सल आलं. मीरा बँकेत नोकरीला होती. तिचे वडील बंडोपंत आर्वीला तीस वर्षं शिक्षक होते. आई गेल्या वर्षी वारली, तेव्हा मीराने वडिलांना आपल्याकडे जळगावला नेलं होतं. ब्याऐंशी वयाच्या बंडोपंतांना आता फारसं आठवत नव्हतं. बायको गेल्याचंही आठवत नव्हतं. ते तिला हाका मारायचे. त्यांच्यासाठी मीराला आईची बाहुली हवी होती, वर्षश्राद्धाच्या आधी. पार्सलात आईची हळदी रंगाची, गर्द लाल काठांची नारायणपेठी साडी होती. आतल्या टोकाचा हातभर तुकडा घ्यायचा आणि बाकीची साडी परत पाठवायची, असं ठरलं होतं. मीराने फोनवर बोलून एक लांबलचक निरोपही पाठवला होता, चार मिनिटांचा. सरिताने तो भाजी फोडणीला टाकता टाकता ऐकायला घेतला. मधेच कुकरची शिट्टी झाली, दाराशी कुणी आलं, आणि उरलेला ऐकायचा राहून गेला.

कुठलंही जुनं कापड हाती आलं की सरिता आधी त्याचं एक टोक ओलं करून पांढऱ्या फडक्यावर दाबून बघायची, रंग जातो का ते. मगच रिठ्याच्या पाण्यात घालायची. नळ एक दिवसाआड यायचा, आणि त्या दिवशी नळाची पाळी होती. आधीची तीन कामं अडून बसली होती. ड्रम भरता भरता तिने टबात रिठ्याचं पाणी केलं आणि साडी तशीच बुडवली. ड्रम भरून परत आली तेव्हा टबातलं पाणी लाल झालेलं होतं.

तिने घाईघाईने साडी उचलली. ओली साडी जड झालेली. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलेलं रेशीम घडीवरच विरलेलं होतं, ते तिच्या हातात उभंच्या उभं फाटत गेलं. पदरापासून मधल्या भागापर्यंत. हळदी अंगावर काठाच्या लाल रंगाचे ढग उतरले होते.

सरिता मोरीतच खाली बसली. मग उठून साडी सावलीत पसरली आणि मीराला लिहायचं म्हणून फोन हातात घेतला. तेव्हा तिला तो अर्धवट राहिलेला निरोप दिसला. तिने पुढचा भाग लावला.

‘आणि सगळ्यात महत्त्वाचं,’ मीरा म्हणत होती, ‘साडी धुऊ नका हं. बाबांना अजून त्या साडीला आईचा वास येतो. पदर तोंडाशी घेतल्याशिवाय त्यांना झोप लागत नाही. साडी पिको-फॉलला टाकलीय, आठ दिवसांत येईल, असं सांगून मी ती त्यांच्याकडून काढून घेतलीय.’

सरिताने साडी नाकाशी नेली. रिठ्याचा वास येत होता, दुसरा कसलाच नाही.

संध्याकाळी मीराचा निरोप आला, साडी मिळाली ना? सरिताने लिहिलं, ‘हो, मिळाली. काम सुरू आहे.’ लिहून झाल्यावर तिने ते दोनदा वाचलं. पण एकदा लिहिलेलं तिने परत घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती बसने वर्ध्याला गेली. घरी सांगितलं, दोरे आणायचेत. बाजारात दुकानामागून दुकान पालथं घातलं. फोनमधला फोटो दाखवायची तिची हिंमत होईना, कुणी विचारलं असतं तर काय सांगणार. तिसऱ्या दुकानात तशीच साडी निघाली. हळद जराशी उजळ, काठ बोटभर कमी, पण दुरून पाहिलं तर तीच. तिने ती घेतली. घरी येऊन दार लावून तिला चंदनाचा साबण घासला, घड्या घातल्या, मोडल्या, परत घातल्या. नवी साडी जुनी व्हायला तयार नव्हती.

विवेकला तिने त्या संध्याकाळी सगळं सांगितलं. तो शांतपणे ऐकून म्हणाला की म्हातारबाबांना स्वतःचं नाव आठवत नाही, त्यांना काय फरक कळणार. नवी साडी पाठव, बाहुली पाठव आणि मोकळी हो. तो वाईट मनाने बोलत नव्हता. बायकोचा उतरलेला चेहरा त्याला पाहवत नव्हता, एवढंच.

कमलाबाई पलीकडे तांदूळ निवडत होत्या. त्यांनी तरुणपणी जिनिंगमध्ये कापसाचं काम केलेलं, कपड्याची पारख त्यांच्या बोटांत होती. त्या उठल्या, दोन्ही साड्या हातांत घेऊन पाहिल्या आणि नवी साडी खाटेवर ठेवून दिली.

“त्या बुढ्याले नाई समजन,” त्या म्हणाल्या. “त्याच्या पोरीलेबी नाई समजन कदाचित. पन तुले तं समजन ना. मंग उद्या दुसऱ्या कोनाचा कपडा आला तं त्याले हात कसा लावशीन?”

 तरी आणखी एक दिवस सरिताने तसाच काढला. फोन वाजला की आधी नाव बघायची. तिसऱ्या दिवशी दुपारी, बँकेत जेवणाची सुट्टी असेल तेव्हा, तिने मीराला फोन लावला आणि एका दमात सांगून टाकलं. रंग उतरला, साडी फाटली, वास गेला, तुमचा निरोप मी पुरता ऐकला नव्हता, आणि काम सुरू आहे असं खोटं लिहिलं. नव्या साडीचंही सांगितलं.

 मीरा म्हणाली, “मी आत्ता बोलू शकत नाही,” आणि फोन बंद झाला.

पुढचे दोन दिवस सरिता सुई हातात घ्यायची आणि खाली ठेवायची. मीरा फोनवर सगळ्यांना सांगेल, लिहील, आपल्याकडे कपडा पाठवू नका म्हणेल, आणि तिचं काही चुकणार नाही, असं तिच्या डोक्यात फिरत राहायचं. त्याहून जास्त तिला तो म्हातारा दिसायचा, रोज संध्याकाळी साडी आली का म्हणून विचारणारा. दोन दिवसांनी मीराचा एका ओळीचा निरोप आला. ‘बाहुली करा. साडीचं आता काय व्हायचं राहिलंय.’

सरिताने डाग न पडलेला तुकडा शोधला. विरलेल्या रेशमाखाली मलमल लावून एकेक टाका घातला. चार दिवस ती त्या एकाच बाहुलीशी बसली. फोटोत मीराच्या आईचा अंबाडा जरा डावीकडे कललेला होता, तिने तसाच कलता घातला. उरलेली साडी तिने रफू केली, पण रफू दिसतच होतं. सगळं झाल्यावर ते पोस्टात टाकायला तिचा हात धजेना. तिने मीराला कळवलं, मी स्वतः घेऊन येते. मीराने विचारलं, कशासाठी? सरिताने परत तेच लिहिलं, मी घेऊन येते. शेवटी मीराने पत्ता पाठवला.

पुलगावहून सकाळची गाडी धरून ती दुपारी जळगावला उतरली. सगळी वाट तिने पिशवी मांडीवर धरली होती. मीराने दार उघडलं, पाणी दिलं, पण बसा म्हणायला तिला वेळ लागला. ती सरिताच्याच वयाची होती. डोळ्यांखाली काळं आलेलं.

बंडोपंत खिडकीशी खुर्चीत बसले होते. मीराने साडी त्यांच्या हातात दिली. त्यांनी पदर तोंडाशी नेला. थोडा वेळ तसाच धरला. मग साडीची नीट घडी करून ती मीराला परत दिली.

“ही तिची नाही,” ते म्हणाले.

मीरा स्वयंपाकघरात निघून गेली. सरिता उभीच राहिली.  मग तिने पिशवीतून बाहुली काढली आणि त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती घेतली नाही.  सरिताच्या तोंडातून घरचंच बोलणं बाहेर पडलं.

“बाबा, लय चुकलं माह्यं. मी धुतली ते साडी. मले मालूम नव्हतं.”

बंडोपंतांनी मान वळवून तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं.

“कुठली गं तू?”

“नाचनगावची. पुलगावच्या बाजूले.”

“पुलगाव,” ते म्हणाले. पुन्हा एकदा तोच शब्द म्हणाले. मग पुढे वाकून हळू आवाजात विचारलं, “आर्वीची गाडी लागली का?”

पुलगावहून आर्वीला एक छोटी गाडी जायची. ती केव्हाच बंद पडली होती. सरिताने तिचे नुसते रूळ पाहिले होते, गवतात बुडालेले. कमलाबाई मात्र तिच्या गोष्टी सांगायच्या, ती इतकी हळू जायची की चालत्या गाडीतून लोक उतरायचे आणि पुढे जाऊन परत चढायचे.

“नाई लागली अजून,” सरिता म्हणाली. “लागली का सांगतो मी. बसा तुमी.”

ते मागे टेकून बसले. थोड्या वेळाने त्यांनी हात पुढे केला, बाहुली घेतली आणि मांडीवर ठेवली. तिचा कललेला अंबाडा बोटाने दाबून सरळ केला.

“दोन तिकिटं काढजो,” ते म्हणाले. आर्वीच्या पोरांशी बोलताना बोलत असतील तसं. “ही पण आहे सोबत.”

मीरा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

सरिता निघाली तेव्हा मीरा फाटकापर्यंत आली. ती म्हणाली की बाबा इतकं सलग कित्येक महिन्यांत बोलले नव्हते. मग म्हणाली, “पण माझा राग गेलेला नाही. तो वास आता कुठून आणू मी?”

“मले मालूम नाई, ताई,” सरिता म्हणाली. एवढंच खरं होतं.

मीराने कुठे काही लिहिलं नाही. महिनाभराने तिचाच फोन आला, रविवारी दहा मिनिटं बाबांशी बोलाल का म्हणून. तेव्हापासून सरिता दर रविवारी सकाळी बोलते.  फोन लावण्याआधी अजून तिला वाटतं, आज ते साडीचं विचारतील. ते विचारत नाहीत. कधी गाडीचं विचारतात, कधी शाळेची घंटा झाली का म्हणतात, कधी कोण बोलतंय हेच कळत नाही त्यांना, आणि मग सरिता नुसता श्वास ऐकत बसते. ते आता पदराऐवजी पंचा तोंडाशी घेऊन झोपतात, असं मीराने एकदा बोलता बोलता सांगितलं. त्या दिवशी सरिताने हातातलं काम ठेवून दिलं ते दिवसभर परत उचललं नाही.

काम तिने सोडलेलं नाही. अर्धं घर त्यावर चालतं, आणि दुसरं काही तिला येतही नाही. गेल्या रविवारी ती फोन घेऊन बसली तेव्हा कमलाबाई जवळ सरकून बसल्या. आर्वीच्या गाडीत बसायला लाकडी बाकं होती आणि खिडकीशी बसलं की कोळशाची कणी डोळ्यात जायची, हेही सांगजो त्याइले, असं म्हणाल्या. सरिताने मान हलवली, नंबर लावला आणि पलीकडे घंटी वाजायची वाट बघत राहिली.